खांबावर आपण, कंट्रोल रूममध्ये कोण?

बारावीचा निकाल लागला की लालबाग, परळ, काळाचौकी, नायगाव या पट्ट्यातल्या आपल्या घरांमध्ये दोनच शब्द ऐकू येतात. एक ‘कॉम्प्युटर’ आणि दुसरा ‘एमपीएससी’. मार्क चांगले असतील आणि घरात थोडी ऐपत असेल तर कॉम्प्युटर. नसेल तर बी.ए. आणि मग अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षा. दहावीलाच गाडी अडली तर आयटीआय, त्यातही इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन. गेली काही वर्षे मी या भागात विद्यार्थ्यांसोबत काम करते. प्रवेशाचे अर्ज भरून देणे, जातपडताळणीच्या फाइलमागे फिरणे, शिष्यवृत्ती का अडकली ते शोधणे हे माझे रोजचे काम. या सगळ्या काळात ‘मला वीज क्षेत्रात अभियंता व्हायचे आहे’ असे स्वतःहून सांगणारी मुले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच भेटली. वायरमन मात्र प्रत्येक चाळीत भेटतो.

माझे म्हणणे सरळ आहे. वीज हे या देशातले सत्तेचे क्षेत्र आहे. शेतीला पाणी कधी मिळणार, कारखाना कोणत्या जिल्ह्यात जाणार, गरिबाच्या घरातला मीटर किती फिरणार, हे वीज ठरवते. आपला समाज या क्षेत्रात आहे, पण तो खांबावर चढणाऱ्यांमध्ये आहे. खांबावर वीज कधी सोडायची आणि कधी बंद करायची हे ठरवणाऱ्या खोलीत तो फारसा दिसत नाही. वीज अभियांत्रिकीचे उच्च शिक्षण हा आंबेडकरी चळवळीचा कार्यक्रम झाला पाहिजे. आणि हे काही मी नवीन सांगत नाही. बाबासाहेबांनी ऐंशी वर्षांपूर्वी मांडलेला, आपण मात्र विसरलेला हा कार्यक्रम आहे.

बाबासाहेबांचे वीज खाते

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले, हे आपण प्रत्येक जयंतीच्या भाषणात सांगतो. कामाचे तास, सेवायोजन कार्यालये, खाणीतल्या स्त्रियांचे प्रश्न, सगळे सांगतो. पण त्याच मजूर खात्याकडे पाटबंधारे आणि वीज हे विषयही होते, हे फार थोडे वक्ते सांगतात.

२५ ऑक्टोबर १९४३ रोजी सार्वजनिक बांधकाम आणि वीज या विषयावरच्या धोरण समितीसमोर बाबासाहेबांनी अध्यक्ष म्हणून भाषण केले. दुसरे महायुद्ध चालू होते आणि युद्धानंतरच्या भारताची आखणी करायची होती. वीज खासगी मालकांकडे असावी की सरकारकडे, केंद्राने काय करावे आणि प्रांतांनी काय, हे प्रश्न त्यांनी मांडले. पण त्याआधी वीज हवीच कशाला, हा मूळ प्रश्न त्यांनी घेतला. त्यांचे उत्तर असे होते : या देशातली गरिबी एकट्या शेतीवर हटणार नाही, त्यासाठी उद्योग उभे राहिले पाहिजेत आणि उद्योगांसाठी वीज स्वस्त आणि मुबलक पाहिजे. याच भाषणात त्यांनी आणखी एक मुद्दा घेतला. वीज क्षेत्राचे तंत्र भारतीयांना शिकवण्याची व्यवस्था झाली पाहिजे, म्हणजे परक्या तंत्रज्ञांच्या तोंडाकडे बघावे लागणार नाही. पुढच्याच वर्षी, १९४४ मध्ये, केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले.

आता याच्या एक वर्ष मागे जाऊ. मंत्रिपदावर येऊन चार महिनेही झाले नव्हते, तेव्हा २९ ऑक्टोबर १९४२ रोजी बाबासाहेबांनी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे सविस्तर निवेदन दिले. त्यात शिक्षणावर जे लिहिले आहे ते प्रत्येक कार्यकर्त्याने मुळातून वाचावे. नुसत्या कला आणि कायदा शाखेच्या शिक्षणातून आपल्या समाजाच्या हाती फार काही लागणार नाही, विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण मिळाले पाहिजे, आणि ते आपल्या लोकांच्या ऐपतीबाहेरचे असल्यामुळे सरकारने भार उचलला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. मागणीही मोघम नव्हती. देशातल्या संस्थांत विज्ञान-तंत्रज्ञान शिकणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांसाठी दरवर्षी २ लाख रुपये आणि परदेशी शिक्षणासाठी १ लाख रुपये. शिवाय सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत उमेदवारीच्या जागा.

स्वतः बॅरिस्टर असलेला, अर्थशास्त्रातल्या दोन सर्वोच्च पदव्या घेतलेला माणूस हे लिहितो आहे. आपल्या मुलांनी फक्त आपल्यासारखे व्हावे असे त्याने म्हटले नाही, हे लक्षात घ्या. हे भाषण आणि हे निवेदन महाराष्ट्र शासनाने काढलेल्या बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या दहाव्या खंडात आहे. ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवरच्या पुस्तकांच्या स्टॉलवर आपण तासन्‌तास घालवतो. त्यात हा खंड शोधा.

गिरणगावात वीज आली तेव्हा

ही सगळी दिल्लीतली गोष्ट वाटेल. पण यंत्र आणि जात यांचे नाते बाबासाहेबांनी दिल्लीच्या फायलींत पाहिलेले नव्हते. ते १९३४ पर्यंत परळच्या बीआयटी चाळीत राहिले. आजूबाजूला गिरण्या होत्या आणि त्या गिरण्यांमध्ये आपलेच लोक राबत होते.

या गिरण्यांमध्ये वीज कुठून आली? १९१० मध्ये टाटांनी जलविद्युत कंपनी काढली. लोणावळ्याला धरणे बांधून पाणी अडवले, घाटाखाली खोपोलीला वीजघर उभारले आणि १९१५ पासून ती वीज तारांवरून मुंबईत येऊ लागली. तिचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे आपल्या गिरणगावातल्या कापड गिरण्या. वाफेच्या इंजिनाची जागा हळूहळू विजेच्या मोटारीने घेतली. त्याच्याही आधी गिरण्यांमध्ये विजेचे दिवे आले होते आणि त्यांनी कामगारांचे भले केले नव्हते. सूर्य मावळला तरी यंत्र चालू ठेवता येते, एवढाच त्या दिव्यांचा मालकांच्या लेखी अर्थ. कामाचा दिवस रात्रीपर्यंत ताणला गेला.

१९२० नंतर टाटांनी मुळशीला धरण बांधायला घेतले, तेव्हा मावळातल्या शेतकऱ्यांनी जमिनी वाचवण्यासाठी सत्याग्रह केला. त्याचे नेतृत्व करणाऱ्या सेनापती बापटांचे नाव आज लोअर परळ-दादरच्या रस्त्याला आहे. त्या रस्त्यावरून रोज हजारो लोक कामाला जातात. मुळशीची जमीन बुडाली, गिरणी उजळली आणि नफा मालकाचा झाला. जमीन ज्याची गेली तो वेगळा, वीज ज्याला मिळाली तो वेगळा.

आता गिरणीच्या आत जाऊ. विणकाम खात्यात पगार जास्त होता आणि तिथे अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. कारण काय सांगितले जायचे? धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागतो, मग सवर्ण कामगार बाटणार. म्हणून आपल्या माणसांनी कमी पगाराच्या सूत कातण्याच्या खात्यात राहायचे. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी कामगार पुढाऱ्यांना ठणकावले की विणकाम खात्यात आमच्या लोकांना प्रवेश मिळण्याची मागणी तुमच्या यादीत घाला, नाहीतर आमच्या कामगारांना संपापासून दूर राहायला सांगेन. तेव्हा कुठे, तेही नाइलाजाने, ती मागणी यादीत गेली.

यंत्राला जात नव्हती. पण कोणत्या यंत्रासमोर कोण उभा राहणार, हे जात ठरवत होती. आणि वर्गाची भाषा बोलणाऱ्या संघटनेलाही ते दिसत नव्हते, ते दाखवून द्यावे लागले. हा धडा गिरणगावानेच आपल्याला दिला आहे.

आजचे विणकाम खाते

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या चालल्या नाहीत आणि त्यांच्या जमिनीवर टॉवर आणि मॉल आले. ज्या आवारात आजोबा पाळीला जायचे, त्याच आवारात आज नातू लिफ्टची देखभाल करतो, एसीचा प्लँट बघतो, जनरेटर चालू-बंद करतो. दहा-बारा तासांची ड्यूटी आणि एजन्सीमार्फत पगार. एजन्सी बदलली की पुन्हा नवीन गणवेश आणि नोकरीची पहिल्यापासून सुरुवात.

सरकारी वीज कंपन्यांतही शिडीचा खालचा भाग आपल्या ओळखीचा आहे. आयटीआय झालेला मुलगा ‘विद्युत सहाय्यक’ म्हणून लागतो, तीन वर्षे ठराविक मानधनावर काढतो, मग तंत्रज्ञ होतो. त्याच्याही खाली कंत्राटी कामगार आहे, जो तेच काम करतो, त्याच खांबावर चढतो, पण कायम होण्याची वाट बघत त्याचे केस पांढरे होतात. वादळ-पावसात तार तुटली की पहिला जातो तो हाच. या कामाला मी कमी लेखत नाही. वीज क्षेत्रातले सगळ्यात धोक्याचे काम ही माणसे करतात. माझा प्रश्न वेगळा आहे. शिडी इथेच का संपते?

वरच्या पायऱ्यांवर काय असते, ते आपल्या मुलांना कोणी सांगत नाही. एक उदाहरण देते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. करोनाचे दिवस होते, रुग्णालयांची धावपळ झाली. लालबागमध्ये लोक खाली उतरून एकमेकांना विचारत होते की फ्यूज कोणाचा गेला? फ्यूज कोणाचाच गेला नव्हता. कळवा-पडघा भागातल्या ४०० किलोव्होल्टच्या वाहिन्या एकामागून एक बंद पडल्या होत्या आणि शहराला बाहेरून येणारी वीज तुटली होती. अशा वेळी मुंबईला बाहेरच्या जाळ्यापासून अलग करून शहरातल्या वीजघरांवर चालू ठेवण्याची ‘आयलँडिंग’ नावाची व्यवस्था आहे. त्या दिवशी ती शहराला वाचवू शकली नाही.

विजेचे जाळे दर क्षणाला तोलून धरावे लागते. जेवढी वीज वापरली जाते तेवढीच त्या क्षणी तयार झाली पाहिजे. हा तोल ५० हर्ट्झ या आकड्यावर दिसतो. आकडा फार खाली गेला की समजायचे, मागणी वाढली आहे आणि आता कोणाची तरी वीज कापावी लागेल. कोणाची कापायची, हे ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्रात बसलेले अभियंते बघतात. बिघाड झाला तर सेकंदाच्या काही भागात वाहिनी बंद करणारा रिले कसा बसवायचा, हे संरक्षण विभागातला अभियंता ठरवतो. पुढच्या दहा वर्षांत कोणत्या भागात सबस्टेशन होणार, हे नियोजन विभाग ठरवतो. युनिटचा दर किती, यावर वीज नियामक आयोगापुढे आकड्यांची लढाई होते. त्यात कंपन्यांच्या बाजूने अभियंते आणि हिशेबतज्ज्ञ उभे असतात. झोपडपट्टीतल्या ग्राहकाच्या बाजूने बोलायला मात्र तेवढाच तयार माणूस क्वचित असतो.

हे आजचे विणकाम खाते. इथे धागा तोंडाने ओढावा लागत नाही, त्यामुळे बाटण्याची सबबही कोणी देत नाही. इथे दार फी, इंग्रजी, गणिताची शिकवणी आणि ओळखीपाळखी यांनी बंद केले जाते. त्यावर ‘मेरिट’ अशी पाटी लावलेली असते.

‘पुन्हा हातकामच का?’

आपल्यातलेच काही सुशिक्षित मित्र इथे आक्षेप घेतील. तांत्रिक शिक्षण म्हणजे पुन्हा हाताचे काम. आपल्या मुलांना कुशल कामगार बनवून व्यवस्था मोकळी होणार, आणि विचार करण्याचे काम पुन्हा त्यांच्याकडेच राहणार. हा आक्षेप हलका नाही. अमेरिकेतल्या काळ्या समाजात शंभर वर्षांपूर्वी याच प्रश्नावर मोठा वाद झाला होता. बुकर टी. वॉशिंग्टन म्हणत होते की आधी हातांना कौशल्य द्या, प्रतिष्ठा मागून येईल. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस म्हणत होते की उच्च शिक्षणाशिवाय समाजाला नेतृत्व मिळणार नाही आणि कौशल्यापुरते थांबलेला समाज दुसऱ्याच्या हुकमातच राहील.

भारतात हा वाद जातीच्या अंगाने समजून घ्यायचा असेल तर अजंता सुब्रमण्यम यांचे ‘द कास्ट ऑफ मेरिट’ हे २०१९ चे पुस्तक बघावे. आयआयटी मद्रासचा अभ्यास करून त्यांनी दाखवले आहे की इंग्रजांच्या काळापासून तांत्रिक शिक्षणाचे दोन भाग पाडले गेले. कारागीर जातींसाठी औद्योगिक शाळा आणि वरच्या जातींसाठी अभियांत्रिकी महाविद्यालये. ज्या जातींचा हत्यारांशी पिढ्यान्‌पिढ्या संबंध नव्हता, त्या अभियंता झाल्या. ज्यांचे हात लोखंडात, चामड्यात, लाकडात गेले, ते ‘कुशल कामगार’ राहिले. जात ही कामाबरोबर माणसांचीही उतरंड लावते, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच दाखवले होते. वायरमन आणि वीज अभियंता यांच्यातले अंतर त्याच उतरंडीचे आहे.

म्हणून बाबासाहेबांच्या १९४२ च्या निवेदनातला ‘उच्च’ हा शब्द महत्त्वाचा. त्यांनी उमेदवारीच्या जागा मागितल्या, पण त्याआधी विज्ञान-तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण मागितले. ड्यू बॉइस की वॉशिंग्टन, यातले एक निवडायला ते बसले नाहीत. त्यांनी शिडीच्या दोन्ही टोकांना आपली माणसे मागितली.

आणि शिडी आज कागदावर आहे. दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. पदविका झालेल्याला पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. पदवीनंतर गेट परीक्षा देऊन एम.टेक. करता येते किंवा एनटीपीसी, पॉवर ग्रिडसारख्या सरकारी कंपन्यांत जाता येते. म्हणजे वायरमनचा कोर्स केलेला लालबागचा मुलगा नियमाने भार प्रेषण केंद्रापर्यंत जाऊ शकतो. जात का नाही, हा खरा प्रश्न.

गळती कुठे होते?

मी पाहिलेली एक गोष्ट सांगते. आमच्या भागातला एक मुलगा, आई एका टॉवरमध्ये साफसफाईच्या कामाला. इलेक्ट्रिकलची पदविका त्याने चांगल्या गुणांनी पूर्ण केली. पण शिष्यवृत्तीचा हप्ता आला नव्हता, म्हणून त्याच्या खासगी महाविद्यालयाने शाळा सोडल्याचा दाखला अडवून ठेवला. दाखल्याविना पदवीच्या प्रवेशाची मुदत टळली. ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणून तो एका मॉलमध्ये देखभालीच्या कामाला लागला. पुढचे वर्ष आले तोवर घरचे हप्ते सुरू झाले होते. आज तो तिथेच आहे. या मुलाला नापास कोणी केले? परीक्षेने तर केले नाही.

अशी गळती ठरलेल्या ठिकाणी होते. पहिली अकरावीत, गणित आणि भौतिकशास्त्राला घाबरून. दुसरी प्रवेशाच्या फेरीत, कारण पर्यायांचा क्रम कसा भरायचा ते घरात कोणाला माहीत नसते. तिसरी पहिल्या वर्षी, इंग्रजी पुस्तके आणि गणिताचा पेपर यांच्या कात्रीत. चौथी शिष्यवृत्तीच्या उशिरामुळे. शेवटची मनाची : ‘इलेक्ट्रिकलला पगार कमी, कॉम्प्युटर घे.’ मुलींच्या बाबतीत आणखी एक असते. ‘खांबावर चढायचे काम, पोरीला कशाला?’ खांबावर चढणे आणि वीज अभियांत्रिकी यातला फरकच माहीत नाही, म्हणून हुशार मुलीचा अर्ज आधीच बाद होतो.

ओढ्याविरुद्ध पोहायला कोणालाच आवडत नाही, हे मला कळते. अमेरिकेतही मागच्या पिढीतले विद्यार्थी संगणकाकडे वळले आणि वीज अभियंत्यांची टंचाई होईल म्हणून तिथल्या अभियंत्यांच्या संस्थेला खास शिष्यवृत्त्या सुरू कराव्या लागल्या. पण आपल्यासाठी यात संधी आहे. ज्या रांगेत गर्दी कमी आहे, त्या रांगेत आपण आधी उभे राहिलो तर?

लालबागच्या मुलासाठी ही रांग लांबही नाही. करी रोडहून गाडी पकडली तर माटुंगा तिसरे स्टेशन. तिथले व्हीजेटीआय १८८७ मध्ये भायखळ्याला सुरू झाले आणि १९२३ मध्ये माटुंग्याला गेले. राज्यातल्या जुन्या आणि नावाजलेल्या अभियांत्रिकी संस्थांपैकी ती एक, आपल्या उंबऱ्याशी आहे. आपल्या किती अभ्यासिकांनी तिथे मुलांची एक तरी फेरी काढली?

‘नोकऱ्याच खासगी होत आहेत, मग?’

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे. २००३ चा वीज कायदा आला, २००५ मध्ये राज्य वीज मंडळाचे तुकडे होऊन महानिर्मिती, महापारेषण, महावितरण झाल्या. मुंबईच्या बेट भागात, कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत, वीज बेस्ट देते, म्हणजे महापालिकेचा उपक्रम. बहुतेक उपनगरांत मात्र वीज खासगी कंपन्यांच्या हातात आहे. जानेवारी २०२३ मध्ये महावितरणच्या भागात खासगी कंपनीला समांतर परवाना देण्याच्या हालचालीविरोधात वीज कर्मचारी संपावर गेले, ते उगाच नाही. खासगीकरण म्हणजे नोकरी असुरक्षित आणि आरक्षण शून्य.

सौरऊर्जेचे तर बहुतेक काम खासगीच आहे. २०३० पर्यंत देशात ५०० गिगावॅट बिगर-जीवाश्म वीजक्षमता उभी करण्याचे सरकारचे लक्ष्य आहे. त्यासाठी लागणारे अभियंते कोणत्या घरांतून येणार? आणि जमीन कोणाची जाणार? महाराष्ट्रात सौर कृषी वाहिनी योजनेसाठी गावोगावची सरकारी आणि गायरान जमीन वापरली जाते. गायरान म्हटले की आपल्याला दादासाहेब गायकवाडांचा १९६४ चा भूमिहीनांचा सत्याग्रह आठवला पाहिजे. ज्या गायरानावर आपले भूमिहीन लोक पिढ्यान्‌पिढ्या कसून खात आले, तिथे सौरपट्ट्या बसणार असतील तर त्या प्रकल्पात आपला वाटा कोणता? राखणदाराचा? मुळशीची गोष्ट नव्या रूपात पुन्हा घडू द्यायची का?

म्हणून शिक्षण आणि प्रतिनिधित्वाची लढाई वेगवेगळी लढता येणार नाही. आणि खासगी क्षेत्रात कायद्याने काहीच नाही, हेही पूर्ण खरे नाही. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा वाचा. त्याच्या कलम ३-अ नुसार ठरवून दिलेल्या व्यवसायांत मालकाने अनुसूचित जाती-जमातींसाठी प्रशिक्षणाच्या जागा राखून ठेवायच्या आहेत, राज्यातली त्यांची लोकसंख्या लक्षात घेऊन. हे कलम सरकारी आणि खासगी असा भेद करत नाही. ३० किंवा जास्त माणसे कामाला असलेल्या आस्थापनांना मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात आणि या मोजणीत कंत्राटी माणसेही धरली जातात. खासगी क्षेत्रात आरक्षण मागणाऱ्या आपल्या किती मोर्चांनी या कलमाचे नाव घेतले?

करायचे काय?

पहिले काम अभ्यासिकांचे. आपल्या प्रत्येक बुद्धविहाराजवळच्या अभ्यासिकेत एमपीएससीचे टेबल आहे. त्याच्या शेजारी दुसरे टेबल लावा : सीईटी, पदविकेचे गणित, कनिष्ठ अभियंत्याच्या परीक्षा, गेट. वीज कंपन्यांतल्या मागासवर्गीय कर्मचारी संघटनांमध्ये आपले अभियंते आहेत. त्यांना सत्काराला बोलावतो, तसे महिन्यातून दोन रविवार शिकवायला बोलवा.

दुसरे काम प्रवेशाच्या काळातले. जून ते ऑगस्ट प्रत्येक वस्तीत दोन कार्यकर्ते एवढ्याच कामाला द्या. आयटीआय झालेल्या प्रत्येक मुलाला विचारा की पदविकेचा अर्ज भरलास का? पदविका झालेल्याला विचारा की पदवीचा भरलास का? दाखला अडवलेला असेल तर समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे संघटनेच्या लेटरहेडवर तक्रार करा. एकटा विद्यार्थी गेला तर त्याला शिपाईच परत पाठवतो.

तिसरे काम माहितीच्या अधिकाराचे. तिन्ही सरकारी वीज कंपन्या आणि बेस्ट यांच्याकडे संवर्गनिहाय आणि जातप्रवर्गनिहाय आकडे मागा. वर्ग चार ते मुख्य अभियंता, प्रत्येक पायरीवर कोण आहे ते मागा. अनुशेष किती, पदोन्नती कुठे अडली, ते मागा. व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाकडून शिकाऊ उमेदवारांच्या राखीव जागांचा हिशेब मागा. ज्या घोषणेमागे आकडा आहे, तिला प्रशासन दबकते.

चौथे, जयंती. १४ एप्रिलला गल्लीगल्लीत रोषणाई होते, आणि त्या माळा ओढणारा, लोड जास्त झाला की फ्यूज बघायला धावणारा मुलगा आपल्यातलाच असतो. रोषणाई करू नका असे मी म्हणणार नाही, तो आपला आनंदाचा दिवस आहे. पण मंडळाने रोषणाई आणि डीजेच्या खर्चातला एक हिस्सा बाजूला काढून माळा ओढणाऱ्या त्याच मुलाची पदविकेची फी भरली, तर कोणाचा आनंद कमी होणार आहे? शिष्यवृत्ती येईपर्यंतचे सहा-आठ महिने निभावून नेणारा छोटा निधी एवढीच अनेक घरांची गरज असते. वर सांगितलेला मुलगा तेवढ्यावर वाचला असता.

पाचवे काम नेत्यांचे. खासगी वीज कंपन्यांना परवाना किंवा सरकारी जमीन देताना राखीव शिकाऊ जागा आणि स्थानिक भूमिहीन कुटुंबांतल्या मुलांचे तांत्रिक शिक्षण या अटी करारात घालायला लावा. आंबेडकरी पक्षांच्या पुढच्या जाहीरनाम्यात वीज हा शब्द फक्त ‘मोफत युनिट’ या अर्थाने येऊ नये.

बाबासाहेबांनी १९२८ मध्ये विणकाम खात्याचे दार ठोठावले, १९४२ मध्ये तंत्रशिक्षणासाठी पैसे मागितले आणि १९४३ मध्ये विजेच्या धोरणात प्रशिक्षणाचा मुद्दा घातला. तिन्ही वेळा मागणी एकच होती : यंत्राच्या ज्या टोकाला ज्ञान आणि मोबदला आहे, तिथे आमची माणसे हवीत. येत्या प्रवेश फेरीत आपल्या वस्तीतल्या किमान एका मुलाचा आणि एका मुलीचा इलेक्ट्रिकलचा अर्ज भरून घ्या, आणि ती अभियंता होईपर्यंत त्यांच्या मागे उभे राहा. त्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही.

जय भीम!